निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी खाली उतरावे

८ जानेवारी

टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. तुझा पत्ता मावशीने दिला. मी दिला म्हणून सांगू नकोस, असं तिने दोनदा बजावलं, म्हणूनच सांगते आहे.

कामापुरतं लिहिते. दोन वर्षांपूर्वी जाताना तू नानांच्या घोषणांच्या सगळ्या ध्वनिफितींची एक नक्कल करून नेलीस. ती मला हवी आहे. एखाद्या डिस्कवर घालून पोस्टाने पाठव. घरचा कॉम्प्युटर बिघडलाय. नानांनी काहीतरी भलतंच दाबलं आणि आता आतलं काहीच उघडत नाही. तू लावून दिलेल्या बाहेरच्या डब्यातलंही उघडत नाही. मूळ कॅसेटी कुठे आहेत ते विचारू नकोस. तू त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यास तेव्हाच निम्म्यांना बुरशी आली होती. साफसफाई करताना मी त्या टाकून दिल्या. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे आहे, असं मला वाटत होतं.

हिला आताच ही फीत कशाला आठवली, असं तुला वाटेल. तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि तू विचारलंही नाहीस, म्हणून सांगते.

नानांना बोलणं शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई येतात. पक्षाघातानंतर नानांच्या तोंडून 'हं' आणि 'नाही' याशिवाय काही निघत नव्हतं, ते तू पाहिलंच आहेस. बाईंनी विचारलं, हे काय काम करत होते? मी म्हटलं, बसस्थानकावर माइकसमोर बसायचे, गाड्यांची घोषणा करायचे, उभी नोकरी त्यातच गेली. बाई खुर्चीतच सरसावून बसल्या. म्हणाल्या, मनाने जुळवलेली वाक्यं डोक्यात एका ठिकाणी असतात आणि हजारदा म्हणून पाठ झालेली दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण बऱ्याचदा शाबूत राहतं. त्यांचा स्वतःचा आवाज कुठे मिळेल का?

तर आमचा सराव असा. मी फीत लावते. नानांचाच जुना आवाज म्हणतो, 'फलाट क्रमांक चारवरची गाडी', आणि मी थांबवते. मग समोर बसलेले नाना म्हणतात, 'सुटण्याच्या तयारीत आहे.' पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. आता तर ते ती हरवलेल्या मुलाची घोषणासुद्धा पुरी करतात. तुझीच ती, हिरव्या चपलांची. पोटचा पोरगा चौकशीच्या खिडकीपाशी भोकाड पसरून उभा आहे आणि हा माणूस माइकवर म्हणतोय, 'हिरव्या चपला घातलेला मुलगा, घरच्यांनी येऊन घेऊन जावे.' नेमून दिलेल्या वाक्याबाहेर एक शब्द नाही. आई त्यावरून किती वर्षं चिडवत होती त्यांना.

फीत गेल्यापासून सराव बंद आहे. बाई म्हणतात, सराव तुटला की आलेले शब्द परत जातात, आणि या वयात गेलेले पुन्हा येतील याची खात्री त्या देत नाहीत. एवढ्यासाठी लिहिते आहे, दुसरं काही नाही.

डिस्क पाठव. सोबत पत्र लिहायचं जिवावर येत असेल तर नको लिहूस.

ताई

१७ जानेवारी

टिल्लू,

पोस्ट हळू चाललंय की तू, ते कळायला मार्ग नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे दुसरं.

कॉम्प्युटर बिघडलाय असं मी लिहिलं, ते तसं खरं नाही. तो ठणठणीत आहे. त्याला कोणीतरी कुलूप घातलंय.

सकाळी नानांना चहा देऊन सरावाला बसवलं आणि फीत लावायला गेले, तर एकही फाईल नेहमीसारखी दिसेना. प्रत्येक नाव विस्कटलेलं, शेवटी कसल्या तरी अक्षरांचं शेपूट. उघडायला गेलं की उघडता येत नाही असा निरोप. मग स्क्रीनभर एक चिठ्ठी आली. तुमच्या सर्व फायली आमच्या ताब्यात आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे भरा, घाबरू नका. खाली एक घड्याळ उलटं पळत होतं. घाबरू नका हे वाचल्यावरच मी घाबरले. मागे नाना बसलेले, तोंड उघडून, आपली पाळी कधी येते त्याची वाट बघत.

चौकातल्या दुरुस्तीवालीला फोन केला. तू होतास तेव्हा ते दुकान नव्हतं. बाई माझ्याच वयाची आहे, बोलते अशी की मशीनला रागावतेय की आपल्याला ते समजत नाही. म्हणाली, 'आधी नेटची वायर उपटा. मग त्या चिठ्ठीचा फोटो काढा. मग हात मांडीवर ठेवून बसा, मी येते. पुसायला, बंद-चालू करायला जाऊ नका.' आली ती पिशवी घेऊन, आणि पहिला प्रश्न, 'बॅकअप आहे?'

'आहे की,' मी म्हटलं. थोड्या तोऱ्यातच म्हटलं. 'माझ्या भावाने लावून दिलाय.'

'कुठाय?'

'हा काय, लावलेलाच आहे.'

तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. 'लावलेलाच होता? कायम?'

'दोन वर्षं.'

'मग तो पण गेला, ताई. ते आत शिरले की हाताला लागेल त्याला कुलूप घालतात. डबा कपाटात असता तर वाचला असता.'

तू म्हणाला होतास, आठवतं मला. नक्कल झाली की डबा काढून कपाटात ठेवायचा. दोनदा म्हणाला होतास, आणि माझ्या तोंडावर 'तू ठेवणार नाहीस' असंही म्हणाला होतास. मी ठेवणारच होते. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात काढला, तर नाना त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून असा आवाज करायला लागले की शेजारच्यांनी दार वाजवलं. त्या डब्यावर एक निळा दिवा लुकलुकतो ना, तो पाहून त्यांनी मनाशी धरलंय की त्यांचा आवाज त्यात आहे. तू त्यांच्यासमोर कॅसेटी लावून त्यात भरलास, म्हणून असेल. दिवा दिसला की ते निवांत असतात. नाही दिसला की बोट. मी त्या माणसाच्या देखत त्याचा आवाज उपटून कपाटात टाकायचा होता का? मला जमलं नाही. डबा लावलेलाच राहिला. आता दिवा बंद आहे, आणि नाना दिवसभर त्याच्याकडे बोट दाखवतात.

आणखी एक. नानांनी काही दाबलं नाही. त्यांचा उजवा हात अजून चमच्यापलीकडे जात नाही. मीच दाबलं. कसलं तरी बिल आलं होतं मेलमधून, ते उघडलं.

माझं कामही बंद आहे. डॉक्टर लोक रिपोर्ट बोलून ठेवतात, मी ऐकून टाइप करते, ते काम. ऑफिसला कळवलं, त्यांनी तपासून सांगितलं की तिकडे काही पसरलेलं नाही. पण मशीन साफ होईपर्यंत येऊ नका. त्यामुळे पहिल्यांदाच असं झालंय की दिवसभर माझ्या कानात कोणी बोलत नाही. घर इतकं गप्प असतं हे माहीत नव्हतं.

तुझ्याकडची नक्कल आहे ना? एवढं तरी कळव.

ताई

२७ जानेवारी

टिल्लू,

नाना 'तयारीत' विसरले. काल मीच माइक होऊन बघितलं. पाठ तर मलाही आहे सगळं. 'फलाट क्रमांक चारवरची गाडी', असं जमेल तेवढ्या रुबाबात म्हटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या नवख्याने त्यांच्या खुर्चीत बसावं तसं, आणि तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने 'सुटण्याच्या' म्हणाले आणि तिथेच अडकले. 'सुटण्याच्या, सुटण्याच्या.' मग स्वतःच मान हलवून थांबले. हिरव्या चपलांची घोषणा तर पार गेली. शिकवणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता माझा हात दाबला. मला ते मुळीच आवडलं नाही.

आता जे सांगणार आहे ते वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडतील, पडू देत. मी त्या चोरांना लिहिलं.

चिठ्ठीत बोलण्यासाठी एक जागा दिलेली होती. मी वायर पुन्हा जोडली आणि तिथे लिहिलं की हे दुकान नाही, ऑफिस नाही, एक घर आहे, आणि तुम्ही ज्याला कुलूप घातलंय तो एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आहे. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. चहा उकळेपर्यंत आलं. 'आदरणीय ग्राहक, आपल्या वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटले.' भाषा कुठल्या तरी यंत्रातून काढलेली, पण तुला सांगायला लाज वाटते, ते वाचून मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत नानांबद्दल वाईट वाटलं असं मला लिहून पाठवणारं ते पहिलं माणूस. माणूस असेल तर. मी दोन पत्रं तुला लिहिली आणि दोन त्यांना, आणि उत्तर त्यांचं आलं.

मग आमची बोलणीच सुरू झाली. ते उलटं पळणारं घड्याळ शून्यावर गेलं आणि त्यांनी मागणी वाढवली. मी म्हटलं, एवढं नाही माझ्याकडे. त्यांनी पुन्हा खाली आणली. एकदा मी विचारलं, तुमचे वडील आहेत का? दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, विश्वास बसावा म्हणून आम्ही एक फाईल मोफत उघडून देतो, कोणती हवी? नावं सगळी बिघडलेली, कोणत्या फाईलमध्ये काय आहे ते कळत नव्हतं. मी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती उघडून परत आली.

काय निघालं सांगू? एकच वाक्य. 'निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी खाली उतरावे.'

नानांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि शेवटचे दोन शब्द म्हणाले, स्वच्छ. 'खाली उतरावे.' मी त्याच क्षणी पैसे भरायचं ठरवलं. बँकेत ठेवलेलं मोडायचं, आणखी कुणाकडे मागायचं, काय वाटेल ते करायचं, पण बाकीचं सोडवून आणायचं. फक्त ते पैसे कसे पाठवायचे ते मला समजेना, म्हणून दुरुस्तीवालीकडे गेले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, 'वायर परत जोडली होतीत?'

'थोडा वेळ.'

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'एक फाईल उघडून देतात ती तुमच्या वडिलांच्या मायेने नाही. दुकानदार नमुना चाखायला देतो ना, तसलं आहे ते. माझ्याकडे दोघं आले होते पैसे भरून. एकाला अर्धं मिळालं, तेही फाटकं. दुसऱ्याने पैसे भरले आणि पुढे त्याच्याशी कोणी बोललंच नाही. आणि हे घर पैसे देतं असं एकदा कळलं, की पुन्हा येणार.'

'मग मी काय करू?'

'किल्ली मिळते का ते मी बघितलंय. पोलिस आणि असली कुलपं फोडणारे लोक मिळून एक साइट चालवतात, जुन्या कुलुपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. तुमचं कुलूप नवीन आहे. तुमची आतली डिस्क मी काढून जपून ठेवते, आज ना उद्या निघेल किल्ली. पुसायची नाही ती.' मग तिने विचारलं, 'घराबाहेर कुणाकडे एखादी प्रत नाहीच का?'

'आहे. माझ्या भावाकडे.'

ती माझ्याकडे बघतच राहिली. 'मग चोरांशी कसल्या गप्पा मारताय? भावाशी बोला की.'

तिला काय सांगणार, चोर बोलतात म्हणून.

पैसे भरले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने विचारलं, चोरीला काय गेलं? मी म्हटलं, आवाज. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, ध्वनिमुद्रणे असं लिहितो. मी म्हटलं, लिहा.

ताई

४ फेब्रुवारी

टिल्लू,

हे पत्र नीट वाच, यात तुझ्याही कामाचं आहे.

कॉम्प्युटर परत आला. दुरुस्तीवालीने नवी डिस्क घालून सगळं पहिल्यापासून बसवलं. जुनं काही त्यात येऊ दिलं नाही, उघडून आलेलं ते एक वाक्य तेवढं तपासून घातलं. रोजच्या वापराचं खातं वेगळं, बदल करायचं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे, पण चिकटवून ठेवायला बंदी. बाकीचे सगळे पासवर्ड तिने माझ्याकडून फोनवरून बदलून घेतले. बदलताना तिला मी जुना सांगितला तर ती हसायला लागली. सगळीकडे एकच होता, तुझं घरातलं नाव आणि पुढे एक. आता तसा नाही.

ते झाल्यावर तिने विचारलं, हे आत आलं कुठून ते बघू, ती बिलाची मेल दाखवा. मी टाळाटाळ केली. डिलीट झाली म्हटलं. ती म्हणाली, फोनवर असेल ना, द्या इकडे. दिला.

बिल वगैरे काही नव्हतं रे. बिल मी इतक्या घाईने आजवर कधी उघडलेलं नाही. मेल तुझ्या पत्त्यावरून आली होती. तुझ्या कॉलेजच्या वेळचा तो जुना पत्ता, ज्यावरून तू पहिल्या नोकरीच्या गावाहून मला लांबलचक मेल लिहायचास. वर लिहिलं होतं, 'ऐकून सांग.' आत एक फाईल, दिसायला आवाजाची. मी चष्मासुद्धा लावला नाही. नाना मागे बसलेत, चहा गार होतोय, काही सुचलं नाही. मला वाटलं, तू बोललास. दोन वर्षांनी का होईना, लिहायला जमलं नाही म्हणून बोलून पाठवलंस. मी ती दाबली. आवाज आला नाही म्हणून पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली. स्पीकरची वायर सैल झाली असेल म्हणून ती घट्ट केली आणि चौथ्यांदा.

दुरुस्तीवालीने फोन परत दिला आणि या वेळी ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'कुणीही उघडली असती.' मग म्हणाली, 'भावाला कळवा. त्याचा पत्ता फोडलाय कुणीतरी. त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना हेच जात असेल.'

म्हणून कळवते. तो पत्ता तू वापरत नसशील, पण तो जिवंत आहे आणि कुणाच्या तरी हातात आहे. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून त्याचा पासवर्ड बदल, फोनवर आकडा आल्याशिवाय उघडणार नाही असं करून घे, नाहीतर बंद करून टाक. ओळखीच्यांना सांग की अशी मेल आली तर उघडू नका. बाकी सगळे शहाणे असतील. एखादी असेल माझ्यासारखी.

हे आधी का नाही सांगितलं? कारण मग तुला कळलं असतं की मी वाट बघत होते. तू गेलास त्या दिवशी तू म्हणालास, नानांना मी घेऊन जातो, तिकडे चांगले डॉक्टर आहेत, तू कुणाला त्यांच्याजवळ येऊच देत नाहीस. आणि मी म्हटलं, आवाज घेऊन चालला आहेस ना खिशात, मग जा, माणूस मी सांभाळते. मला अजूनही वाटतं की नानांना इथून हलवायला नको होतं, ते बरोबरच होतं. पण बरोबर असून घरात काही उपयोग होत नाही. बरोबर असलेली बाई एकटीच जेवते.

नानांकडे आता ते एकच वाक्य उरलंय, चोरांनी फुकट दिलेलं. मी रोज लावते, ते आता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. पण तेवढंच म्हणतात. दूधवाला आला, 'निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी खाली उतरावे.' बोलणं शिकवणाऱ्या बाई दारात आल्या, तेच. बाई हसल्या, मीही हसले. जगातल्या सगळ्या वाक्यांतलं नेमकं आल्यागेल्याला घालवून देणारं वाक्य हाती लागलं आमच्या. तसंही घरात येतं कोण.

काल मी त्यांच्या पायावर पांघरूण घालत होते, तेव्हा मलाही म्हणाले.

डिस्क पाठव किंवा पाठवू नकोस. पासवर्ड मात्र बदल.

ताई

२१ फेब्रुवारी

टिल्लू,

पार्सल मिळालं.

तुझा जुना राखाडी स्वेटर ओळखला. त्यात डिस्क गुंडाळलेली, आणि वर चिकटवलेला चिठोरा. 'ही नक्कल आहे, मूळ माझ्याकडे आहे. लावण्याआधी तपासून घे. काम झालं की काढून ठेव. पासवर्ड बदलला.' बस्स. कशी आहेस नाही, काही नाही. मी तो तीनदा वाचला. प्रत्येक वाक्यात हुकूम, अगदी तुझ्याच आवाजात. या वेळी चष्मा लावून वाचला.

तुझं ऐकलं. डिस्क घरी न लावता आधी दुरुस्तीवालीकडे नेली. तिने तिच्या वेगळ्या मशीनवर तपासली, मगच घरी लावायला दिली. तिने स्वेटरचा वास घेतला आणि म्हणाली, 'धुतलेला नाहीये.' मी म्हटलं, माहीत आहे, धुणार पण नाही.

नानांना बसवलं. 'फलाट क्रमांक चारवरची गाडी' लावलं आणि थांबवलं. त्यांना आपला आवाज ओळखायला क्षणभर लागला. मग ताठ बसले, खरोखर पाठ सरळ करून बसले, आणि म्हणाले, 'सुटण्याच्या.' मी थांबले. 'सुटण्याच्या तयारीत आहे.' एवढं झाल्यावर मला नळ सोडायला जायचं भान राहिलं नाही, तिथेच बसून रडले. हिरव्या चपला अजून आल्या नाहीत. बाई म्हणतात, येतील, घाई करू नका.

दोन दिवसांनी मी डिस्कमधली एकेक फाईल बघत होते. एक अशी होती की जी आमच्याकडे कधीच नव्हती. नाव नाही, नुसती तारीख. तू पहिल्या नोकरीला निघालास ती तारीख. नानांना समोर बसवूनच लावली, मला काय माहीत आत काय आहे.

आधी नुसता गोंगाट. गाडीचं इंजिन, कुणाचं तरी मूल, अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. तो तुझा असणार, तू खिडकीशी फोन धरून बसला असशील. मग वरून नानांचा आवाज, फलाट क्रमांक चार, सुटण्याच्या तयारीत, सगळं नेहमीसारखं, न चुकता. 'निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी खाली उतरावे.' यानंतर माइक बंद केल्याचा खटका येतो, नेहमी येतो, मला पाठ आहे. तो आला नाही. आणि मग साऱ्या बसस्थानकावर ऐकू जाईल असं, पण हळू, 'सावकाश जा रे.'

मी त्या दिवशी तुझ्या खिडकीखाली उभी होते. मला हे ऐकल्याचं आठवत नाही. ज्या माणसाने स्वतःचा मुलगा हरवला तेव्हाही वाक्याबाहेर शब्द काढला नाही, तो हे माइकवर बोलला आणि घरी येऊन कुणालाही सांगितलं नाही. आणि तूही नाहीस. इतकी वर्षं ते तू एकट्याने ऐकत होतास. मी ज्याला आवाज घेऊन चाललास म्हटलं, त्यात हे होतं.

मी पुन्हा लावलं. हाताला सरावाची सवय, 'सावकाश' वर बोट आपोआप थांबलं.

नानांचं तोंड हलत होतं, जीभ जागा शोधत होती. मग म्हणाले, 'ये.'

मला वाटलं चुकले. मी परत लावलं, परत 'सावकाश' वर थांबवलं. नानांनी मान जोरात हलवली, डावा हात टेबलावर आपटला, माझ्यावर चिडलेच. 'सावकाश ये,' म्हणाले. 'ये.'

बाईंना सांगितलं. त्यांनी ती फीत ऐकली, नानांना पुन्हा म्हणायला लावलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'हे फितीतलं नाही. हे त्यांचं स्वतःचं आहे.'

एक नक्कल कॉम्प्युटरमध्ये आहे, एक या डिस्कवर, एक तुझ्याकडे. दुरुस्तीवाली म्हणते, आता कोणी कितीही कुलपं घालू दे. काल सगळं उतरवून झाल्यावर डिस्क काढायची होती. तिलाही तसाच निळा दिवा आहे. नाना समोर बसलेले. मी आधी खिडक्या लावून घेतल्या, ते ओरडतील आणि शेजारी येतील म्हणून. मग वायर काढली, दिवा विझला, डिस्क तुझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आणि दार लावलं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. आता ते दिवसभर बाहेरच्या दाराकडे बोट दाखवतात.

ताई